आळीपाळीचा डाव

चिमाजी गुरुजींनी विटीचं टोक अंगठ्यानं चाचपलं आणि ती पुन्हा सुपात टाकली.

"नको. एखाद्या पोरीच्या डोळ्याला लागायची."

सुपात भोवरा होता, सागरगोटे होते, मूठभर कवड्या होत्या. गुरुजींनी भोवरा उचलला, त्याची आर पाहिली, तोही ठेवून दिला. उंबऱ्याशी त्यांच्या पत्नी भामाबाई रेशनची मिलो ज्वारी पाखडायला घेऊन केव्हाच्या ताटकळत बसल्या होत्या.

"माजं सूप सोडा आता," त्या म्हणाल्या. "जलमभर पुस्तकं वाचली, आन् म्हातारपणी गोट्या निवडत बसलाय."

"गोट्या नाहीत यात."

"मग तेवढंच ऱ्हायलंय म्हना."

गुरुजी कसनुसं हसले. पुण्याच्या एका कॉलेजची मुलं गावात शिबिराला आली होती. सकाळी तळ्यातला गाळ काढायची, दुपारी शाळेच्या वऱ्हांड्यात पाय पसरून पडायची. त्यांचे सर परवा गुरुजींना शोधत घरी आले. आमच्या पोरांनी कॅरमपलीकडे काही पाहिलेलं नाही, म्हणाले. गावच्या खेळांपैकी तीनच निवडा, पण असे, की ज्यानं कधीच काही खेळलेलं नाही त्यालाही गोडी लागावी.

निवृत्त झाल्यापासून गुरुजींकडे कुणी काही मागायला आलं नव्हतं. सर येऊन गेल्यापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सागरगोटे ठरले, बसल्या जागी खेळता येतात म्हणून. कवड्यांचा पट ठरला, दान पडलं की हसू येतं म्हणून. तिसरा खेळ त्यांच्या मनात पहिल्या घटकेपासून होता. पण जे पहिल्यांदा सुचतं ते चुकीचंच असणार, अशी त्यांची स्वतःबद्दल खात्री होती, म्हणून ते विटी नि भोवरा चाचपत बसले होते.

"वाघ-शेळी," ते शेवटी हळूच म्हणाले.

"त्यो दगडावरचा?"

"दगड उघडा पडलाय. काल जाऊन बघून आलो. रेघा अजून तशाच आहेत."

जुनं गाव धरणात गेलं तेव्हा गुरुजी तेरा-चौदा वर्षांचे होते. एरवी उन्हाळ्यातसुद्धा पाण्याखाली असणारा नदीकाठचा तो सपाट कातळ यंदाच्या दुष्काळात वर आला होता. त्याच्यावर खेळाच्या रेघा कोरलेल्या होत्या. तीन वाघ, पंधरा शेळ्या. वाघानं शेळीवरून उडी मारली की शेळी मेली. शेळीला मारता येत नाही, फक्त चहूबाजूंनी वाट अडवता येते. वाघाला हलायला जागा उरली नाही की शेळ्या जिंकल्या.

त्या कातळावर दुपारभर गुरुजींसमोर बसायचा तो गेनबा. तेव्हाच्या महारवाड्यातला.

पुढं गुरुजी वेल्ह्याकडच्या शाळांमधून मास्तरकी करत फिरले, गेनबाची माणसं बौद्ध झाली, नव्या गावात त्यांची वस्ती उताराच्या पलीकडे गेली. आता वाटेत गाठ पडली तर "बरं हाय का?" "बरं हाय," एवढंच व्हायचं. पण जातपातीचं बोलणं निघालं की गुरुजी हटकून म्हणत, मी आणि गेनबा एका दगडावर खेळून वाढलोय. एकदा शिक्षकांच्या सभेतही ते म्हणाले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गुरुजींना आपल्या अक्षराची, आपल्या शिकवण्याची, आपण लिहिलेल्या प्रत्येक वाक्याची शंका यायची. या एका गोष्टीची कधी आली नव्हती. पोरांपुढे त्या दगडावर गेनबाबरोबर पुन्हा बसायचं, ती गोष्ट खरी होती हे सगळ्यांना दिसू द्यायचं, हे त्यांना खेळाहून जास्त हवं होतं.

त्यांनी उठून देवळीतल्या पूजेच्या तबकातून तीन सुपाऱ्या घेतल्या.

"त्या कशापायी?" भामाबाईंनी विचारलं.

"वाघ म्हणून. तेव्हाही आईच्या तबकातल्याच न्यायचो मी. सगळं तसंच असावं."

भामाबाईंनी सूप रिकामं करून पुढ्यात ओढलं. पाखडता पाखडता, वर न बघता म्हणाल्या, "न्या. पर तुमी सोताच हलवा. म्हंजी मागारी तबकात ठिवता येतील."

गुरुजींनी सुपाऱ्या रुमालात बांधल्या.

*

कापूरहोळच्या रस्त्याला दुष्काळी काम चाललं होतं. गेनबा खडी फोडत होता. शेजारी त्याची बायको सगुणाबाई पाटीत खडी भरत होती.

"गुरुजी! तुमी हिकडं कुनीकडं?" गेनबानं हातोडा खाली ठेवला.

"तुझ्याकडंच आलोय. खेळायला येशील का?"

सगुणाबाई पदर तोंडाला लावून हसली. "आगं बया! पोरं झाली, नातवंडं झाली, आता ह्येंचं खेळायचं वय आलं!"

गुरुजींनी सगळं सांगितलं. पुण्याची मुलं, शिबिर, कातळ. सांगताना ते दोनदा अडखळले. गेनबा ऐकत राहिला. त्याच्या भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी बसली होती.

"दुसरं कुनी न्हाई व्हय गावात?"

"तो डाव दुसऱ्या कुणाला येत नाही. आणि... तूच हवास मला."

"बाजारच्या दिशी काम बंद आसतं. तवा जमंल."

"जमंल म्हनं!" सगुणाबाई म्हणाली. "घरावरचं छप्पर शाकारायचं कवाधरनं सांगतीया, त्ये न्हाई जमत."

गेनबानं ढिगाकडे पाहिलं. वाकून त्यानं खडीचे बारीक, सारखे तुकडे वेचायला सुरुवात केली.

"काय करतोस?"

"शेळ्या घेतो की. पंधराच ना?"

इतक्या वर्षांनी याला आकडा आठवतो! परतीच्या एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच हसत होते. कंडक्टरनं तिकिटासाठी दोनदा हटकलं तेव्हा कुठं ते भानावर आले.

*

बाजारच्या दिवशी ऊन उतरल्यावर मुलं भेगाळलेल्या गाळातून उड्या मारत कातळापाशी आली. सागरगोट्यांत एका दांडगट मुलाला तीनसुद्धा झेलता येईनात, तेव्हा मुलींनी त्याची यथेच्छ टर उडवली. कवड्यांवर भांडण झालं. सर लांब उभे राहून सिगरेट ओढत समाधानानं मान हलवत होते. गुरुजींच्या छातीवरचं ओझं उतरलं. निवड चुकली नव्हती.

गेनबा धुतलेला सदरा घालून आला होता. तो कातळाच्या कडेला, सावलीत उभा होता.

"हे गेनबा," गुरुजी मुलांना म्हणाले. "माझे बालमित्र."

'हे' म्हटल्यावर गेनबानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं, मग नजर वळवली.

गुरुजींनी चार वाक्यं पाठ करून आणली होती. ती त्यांनी रात्रीतून कितीदा तरी बदलली होती. "मुलांनो, या खेळात एक बाजू बळाची आहे आणि एक बाजू संख्येची. पण डाव संपला की बाजू बदलायची, असा नियम आहे. कुणी कायमचा वाघ नसतो आणि कुणी कायमची शेळी नसते. म्हणून मी हा खेळ निवडला."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींचे कान लाल झाले.

दोघं समोरासमोर बसले. गुरुजींनी रुमाल सोडून तीन सुपाऱ्या मांडल्या. गेनबाचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

"तबकातल्या?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"हो! तशाच."

गेनबानं मान हलवली आणि खिशातून खडी काढली.

डाव सुरू झाला. गुरुजींनी दोन शेळ्या पटकन मारल्या, मुलांनी ओरडा केला. पण गेनबा घाई करत नव्हता. एकेक खडा ठेवायचा आणि हात मागं घ्यायचा. बघता बघता एक वाघ कोपऱ्यात अडकला, मग दुसरा. शेवटचा खडा बसला तेव्हा तिन्ही सुपाऱ्यांना हलायला जागा नव्हती. मुलांनी गेनबाच्या नावानं आरोळी ठोकली. हरल्याचं गुरुजींना जराही वाईट वाटलं नाही. हे असंच व्हायला हवं होतं.

"आता बाजू बदला!" पुढं बसलेली, दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "आजोबा, आता तुम्ही वाघ."

गेनबा हलला नाही.

"घे की," गुरुजी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी. पोरांनाच खेळू द्या आता."

"अरे, नियम आहे. एकेक डाव."

"मला वाघ चालवाया येत न्हाई."

गुरुजी हसले. "काय थट्टा करतोस! आळीपाळीनंच खेळायचो ना आपण?"

गेनबानं एक खडा उचलून दोन बोटांत फिरवला. "तुमाला तसं आठवत आसंल," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "वाघ तुमच्या देवाचं. माजा हात कसा लागायचा त्येंना? म्या शेळ्याच चालवायचो."

"प्रत्येक वेळी?" मुलीनं विचारलं.

"व्हय बाई."

"आणि हरायचात?"

"हरायचोच की. जितलो तर दुसऱ्या दिशी कोन बोलवील खेळाया?" तो हसला. "आज जरा चुकून जितलो."

सगळी मुलं हसली. म्हातारा गमतीदार आहे, एवढंच त्यांना कळलं. गुरुजी कातळाकडे बघत होते. त्यांनी ती दुपार आठवून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक दुपारी सुपाऱ्या आपल्याच पुढ्यात होत्या. गेनबाच्या पुढ्यात सुपारी असलेली एकसुद्धा दुपार सापडेना.

"मग आज घ्याच," मुलगी म्हणाली. "गुरुजी, द्या ना त्यांना."

गुरुजींनी घाईघाईनं तिन्ही सुपाऱ्या गोळा केल्या. त्यांना त्या गेनबाच्या हातात द्यायच्या होत्या, नीट, सगळ्यांदेखत. त्यांनी मूठ पुढं केली.

गेनबानं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि ती खाली, मांडीपाशी धरली. वर आणली नाही.

गुरुजींची मूठ ओंजळीच्या वर वीतभर अंतरावर आली, थांबली, आणि उघडली. सुपाऱ्या टपटप ओंजळीत पडल्या.

मुलीनं टाळी वाजवली. दोघं मात्र त्या वीतभर अंतराकडे बघत राहिले, जणू तिथं अजून काहीतरी लटकत होतं. मग गेनबानं मान वर करून गुरुजींकडे पाहिलं. त्या पाहण्यात नवल नव्हतं. गुरुजींना तेच सोसवेना.

गेनबानं सुपाऱ्या कातळावर एका ओळीत ठेवल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठला.

"दिस मावळायला आला," तो म्हणाला. "छप्पर शाकारायचंय. म्हातारी कावंल."

"गेनबा," गुरुजी म्हणाले.

"बरं हाय, गुरुजी. लई दिसांनी खेळलो." तो भेगाळल्या गाळातून वस्तीकडे चालू लागला. पंधरा खडे त्यानं तिथंच ठेवले. दोन वेण्यांची मुलगी लगेच त्याच्या जागी येऊन बसली आणि त्या दांडगट मुलाला म्हणाली, "चल, मी वाघ."

तिला वाघ हवे होते म्हणून गुरुजींनी डाव संपेपर्यंत थांबून मग सुपाऱ्या गोळा केल्या.

घरी आले तेव्हा भामाबाई देवळीतला दिवा लावत होत्या. गुरुजींनी रुमाल सोडून सुपाऱ्या तबकाशेजारी ठेवल्या. तबकात ठेवल्या नाहीत.

"झाला का खेळ?"

"झाला."

"पोरास्नी आवडला?"

"फार आवडला."

भामाबाईंनी सुपाऱ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "त्येचा हात लागला?"

गुरुजी चौरंगाच्या कडेला टेकले. उजवा तळवा उघडून त्यांनी दिव्याच्या उजेडात धरला.

"माझ्या हाताला नाही," ते म्हणाले.