दोन आकड्यांमधला चिखल

मी एक जुना ओळंबा आहे. गवंड्याच्या हातातला नव्हे, नदीचा तळ मोजणारा. वांग्याएवढा, शिशाचा, खाली निमुळता, आणि टोकाशी अंगठा मावेल एवढी खोबण. त्या खोबणीत मऊ साबण भरायचा, दोरीने मला पाण्यात सोडायचे, गाठी मोजून खोली लिहायची आणि वर काढल्यावर साबणाला वाळू चिकटली की खडे, ते पाहायचे. मित्रांनो, नदी वरून वर्षानुवर्षे तीच दिसते. खाली मात्र ती दरवर्षी अंथरूण बदलते.

ते कसे बदलते हे नोंदवायला दोन काठांवरच्या दोन संशोधन कचेऱ्या एकत्र आल्या होत्या. होडी एक, वह्या दोन. आमच्या काठाच्या मोजणीदार बाई मला सोडत. पलीकडच्या काठाचे मास्तर आपले वजन सोडत. ते चपटे, ताटलीसारखे होते. नावाडी मोठा थट्टेखोर. मला साबण लावायची वेळ आली की म्हणे, "जावईबापूंना आंघोळ घाला, नाहीतर रुसतील." घरी आपल्या लहान मुलीलाही तो माझे असेच किस्से सांगत असे. माझे कौतुक झाले ते एवढेच, पण मला ते फार आवडे.

एका वळणावर मात्र आमचे जुळेना. ताटली तीन फुटांवर थांबली, मी सहा फुटांवर. पुन्हा मोजले, तरी तेच. बाई म्हणाल्या मास्तरांच्या दोरीत खोट आहे, मास्तर म्हणाले बाईंच्या. दोन्ही दोऱ्या टेपने मोजल्या, दोन्ही चोख निघाल्या. खरे तर चूक कोणाचीच नव्हती. तिथे तीन फूट पाणी होते आणि त्याखाली कालवलेल्या पिठासारखा चिखल. ताटली त्याच्यावर टेकत होती, मी त्यात घुसत होतो. घट्ट तळ मलाही लागला नव्हता. तो पातळ चिखल वर येईपर्यंत साबणावरून धुऊन जाई, त्यामुळे मी साक्ष तरी कशी देणार?

अहवाल दोघांचा होता आणि नकाशावर रेघ एकच काढायची होती. वाद नको म्हणून बाईंनी सरासरी काढली: साडेचार फूट. मास्तरांनीही मान डोलावली.

"दोन्ही लिहा की, बाई," नावाडी म्हणाला. "नदीला कुठे सही करायचीय?"

बाई हसल्या आणि त्यांनी वहीवर खोडरबर फिरवला.

पुढच्या वर्षी त्याच वळणावर नाव बुडालेल्या झाडाच्या फांदीत अडकली. त्या दिवशी मास्तर आले नव्हते. पाणी किती आहे, असे नावाड्याने विचारले. बाईंनी नकाशा उघडला.

"छातीइतकं आहे. उतरा."

तो उतरला आणि थांबलाच नाही, खाली जात राहिला. बाईंनी हाताला लागली ती दोरी फेकली. तिच्या टोकाला मी होतो. मी माझ्या स्वभावाप्रमाणे थेट खाली गेलो. त्याची बोटे माझ्याभोवती आवळली, मित्रांनो. पण मला नुकताच साबण लावला होता, ती निसटली. एकटाच वर आलो तेव्हा माझ्या खोबणीत त्याच्या सदऱ्याचा निळा धागा होता.

चौकशीत लिहिले गेले, नावाड्याचा निष्काळजीपणा. बाई गप्प राहिल्या. त्यांनी मला न धुता कागदात गुंडाळले आणि घरी कपाटाच्या खणात ठेवले. वीस वर्षे मी तिथे होतो. ती पकड मला तिथेही जाणवत असे. खण जरा करकरला की वाटे, तोच आला.

काम पुन्हा सुरू झाले तेव्हा जुन्या वह्या मागायला एक तरुण संशोधक बाईंकडे आली. आडनाव ऐकून बाई खुर्चीत बसल्या. ती नावाड्याची मुलगी होती. बाईंनी मला बाहेर काढले आणि खाडाखोडीचे पान तिच्यापुढे उघडले.

"तुझे बाबा निष्काळजी नव्हते. उतरा असं मी सांगितलं. आकडा माझा होता."

मुलीने त्या पानावरून बोट फिरवले. खोडलेला सहा अजून दिसत होता. तिची आई 'निष्काळजी' हा एक शब्द मनात घेऊनच गेली, असे तिने सांगितले. मग म्हणाली, "हे लिहून द्या." बाईंनी लिहून दिले आणि खाली सही केली.

आता मी पुन्हा नावेत असतो. पहिल्या दिवशी मुलीने माझ्यातला वाळलेला साबण खरवडला, तेव्हा तो धागा तिच्या नखाला लागला. तिने तो काढला नाही. त्याच्यावरच नवा साबण भरला. "जावईबापू, नीट बघून या," एवढे म्हणताना तिला रडू आले. ताटली चार फुटांवर थांबली, मी सातवर. तिने दोन्ही आकडे लिहिले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी सांगणार नाही. एवढेच सांगतो, दोन प्रामाणिक माणसांचे आकडे जुळले नाहीत तर खोडरबर उचलण्याआधी थोडे थांबा. त्या दोन आकड्यांच्या मधे कोणाचा तरी पाय पडणार असतो.

त्या वळणावर मी अजून खाली जातो, तेव्हा कोणीतरी मला धरेल असे वाटते. कोणी धरत नाही. मी वर येतो आणि ती आधी साबणाकडे पाहते.