परत आलेला अ‍ॅम्प्लिफायर

साताऱ्याचे सुमंतराव सोमवारी सकाळी कुंडलला पूजाच्या दारात स्कूटरवरून उतरले, तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडलेला होता की घरात कुणी गेलं की काय असं वाटावं. दुःख होतं अ‍ॅम्प्लिफायरचं. शुक्रवारीच त्यांनी तो रोख पैसे देऊन नेला होता, आणि आता दोरीने मागच्या सीटला बांधून परत आणला होता.

"ताई, घरी नेऊन लावला आणि पहिल्याच गाण्याला धूर! मी झाकणसुद्धा उघडलेलं नाही हो. पैसे तेवढे परत द्या, बाकी माझी काही तक्रार नाही."

ते शहाण्णव साल होतं. सांगलीच्या आयटीआयमधून पूजा नुकतीच इलेक्ट्रॉनिक्स शिकून आली होती. मंडपवाल्यांनी टाकून दिलेले अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि सांगलीच्या पेपरात छोटी जाहिरात देऊन विकायचे, असा तिचा धंदा. त्यासाठी तिच्या वडिलांनी, जोतिबांनी, घराची पुढची खोली दिली होती. पण एका अटीवर. विकलेली एक जरी वस्तू तक्रार घेऊन परत आली, तर दुकान बंद आणि खोलीत खताची पोती. जोतिबांनी सतरा वर्षं फौजेत स्टोअर सांभाळलं होतं. माल परत आला की चूक देणाऱ्याची, हा तिथला कायदा त्यांनी पेन्शनीबरोबर घरी आणला होता.

ते गोठ्यातून हात पुसत आले, सुमंतरावांचं सगळं ऐकून घेतलं आणि ट्रंकेतून पैसे आणायला वळले.

"आबा, थांबा की! उघडून तर बघू द्या," पूजा ओरडलीच.

"काय बघायचंय? जळलाय म्हनत्यात न्हवं पाव्हणं?"

जोतिबा आत गेले. पूजाने अ‍ॅम्प्लिफायर उचलला आणि तिचे डोळे चमकले. हलका होता! गेल्या महिन्यात दहादा उचलून तिचा खांदा भरून आला होता, तो हा नव्हेच. तिने भराभरा स्क्रू काढले. आतला ट्रान्सफॉर्मर जळून काळा पडला होता, आणि त्याची तार अ‍ॅल्युमिनियमची होती. तिने बसवला होता तो अस्सल तांब्याचा. तिने त्याच्या अंगावरची लोखंडी पट्टी निरखून बघितली. कोरी!

"आबा, ह्यो ट्रान्सफॉर्मर आपला न्हाई. ह्याच्यावर तुमचं नाव न्हाई!"

नोटा हातात घेऊन जोतिबा दारात थबकले. "माझं नाव? त्या डब्यात?"

मग पूजाला सांगावं लागलं. लग्नाकार्यात भांडी इकडची तिकडे होतात म्हणून घरातल्या तांब्या-पराती-पातेल्यांवर नाव घालतात, आणि नाव घालायचं ते घरच्या कर्त्याचंच. तसंच तिने आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर नाव घातलं होतं. आपलं घालावं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने फळीवरचा दुसरा अ‍ॅम्प्लिफायर काढला, झाकण उघडून आबांपुढे धरला. चष्मा कपाळावरून खाली ओढत जोतिबांनी वाचलं: जोतिबा बाळू पवार, कुंडल. क्षणभर त्यांना हसावं की रागवावं कळेना.

"अहो, एकावर घातलं असेल, दुसऱ्यावर राहिलं असेल," सुमंतराव गोड आवाजात म्हणाले. "माणूस आहे, विसरतो. मला लांब जायचंय."

"पुरावा पायजे, पूजे," जोतिबा म्हणाले. नोटा त्यांच्या हातातच होत्या. "तुझ्या नुसत्या सांगण्यावर मी पाव्हण्याला चोर कसा म्हनू?"

पूजाला रडू आणि संताप एकदमच आला. खरं ते डोळ्यांपुढे होतं आणि दाखवता येत नव्हतं.

एवढ्यात बाहेरून भांडं आपटल्यासारखा आवाज आला. तिची आई, साळूबाई, स्कूटरपाशी होती. लग्नाची पंगत उठली की साळूबाई दुसऱ्यांच्या पाट्यांतली भांडी खुशाल उलटी करून बघायच्या. नवरीकडच्या निघालेल्या टेम्पोत चढून त्यांनी एकदा आपली परात उतरवून घेतली होती. लाज त्यांनी या एका बाबतीत कधी बाळगली नाही. आत्ताही त्यांनी हुकाला अडकवलेली पिशवी सोडली होती. टॉवेल बाहेर, जेवणाचा डबा बाहेर. डबासुद्धा त्यांनी उलटा करून बघितला आणि "ह्यो त्यांचाच हाय," म्हणत बाजूला ठेवला.

"अहो बाई, काय चाललंय!" सुमंतराव धावले. गोडवा पार उतरला होता.

साळूबाईंनी तोवर पेपरात गुंडाळलेलं जड काहीतरी काढून उलटं केलं होतं. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण तीस वर्षं भांडी घासताना एका नावाची वळणं बोटांना पाठ झाली होती, आणि ते नाव तोंडाने घ्यायचं नव्हतं.

"पूजे! तुझ्या आबांचं नाव घावलं गं!"

पूजाने उडीच मारली. जोतिबांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेतला, नाव वाचलं, मग सुमंतरावांकडे बघितलं.

"झाकान उघडलं न्हवतं न्हवं?"

"ते... आमच्या मेकॅनिकने परस्पर..." सुमंतराव पुटपुटले. जाता जाता इस्लामपुरात तो ट्रान्सफॉर्मर विकायचा आणि इथून पैसेही परत न्यायचे, असा त्यांचा दुहेरी बेत होता. ते स्कूटरकडे सरकू लागले.

"बसा, पाव्हणं," जोतिबा म्हणाले. "च्या घिऊन जावा."

ते बसले. जोतिबांनी नोटा खिशात घातल्या. पूजाने सोल्डरिंगची डागणी तापवली. आनंदाच्या घाईत पहिला टाका वाकडा पडला, तो तिने पुन्हा घातला. खरा ट्रान्सफॉर्मर जागेवर बसला. खिडकीत भोंगा ठेवून तिने बटण दाबलं. लाल दिवा लागला, आणि घुमणारा तो भरदार आवाज ऐकून तिला गगन ठेंगणं झालं.

"सौदा झालेला हाय, सुमंतराव. वाजवून दावते, मग तुमी घिऊन जावा."

तिने माइक उचलला, तर जोतिबांनी तो तिच्या हातातून घेतला. हा माणूस दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. त्यांनी माइकवर दोनदा टिचकी मारली, घसा खाकरला. गल्लीतली माणसं दारात आली.

"ह्यालो. जोतिबा पवार बोलतोय. ह्ये दुकान आमच्या पूजाचं हाय. कुनाची काय तक्रार असंल तर तिच्याकडं या, ती निकाल दील. मला इचारायचं न्हाई."