जांभळा बेडूक

चिगुसानं भट्टीचं दार उघडलं, आत पाहिलं आणि ते परत लावून टाकलं.

"काय गं, थाळी तडकली का?" भाजलेल्या पानांच्या चहाचा कप घेऊन आलेल्या आईनं विचारलं.

"तडकली असती तर बरं झालं असतं. बेडूक जांभळा झालाय."

आईनं कप खाली ठेवला, स्वतः दार उघडलं आणि थाळी बघून तोंडाला पदराऐवजी एप्रन लावला. हसू काही आवरेना. परातीएवढी चिनी मातीची थाळी, तिच्यावर आयरिसची फुलं हिरवीगार, पानं जांभळी, आणि मधोमध एक जांभळा बेडूक, जगाशी काही घेणंदेणं नसल्यासारखा बसलेला.

चिगुसाला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. कानाझावात तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन, आणि ही थाळी मधल्या जागेसाठी. तेराई गावात नोमोतोंचं घराणं पाच पिढ्या ओळखलं जातं ते हिरव्या रंगासाठी. थाळीच्या बुडाशी घराण्याची खूण काढायचा मान बाबांचा, तेइझोंचा. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "आधी भाजून निघू दे. हिरवा बघेन, मग खूण काढेन." खुणेशिवाय थाळी घराबाहेर जात नाही. आता या बेडकावर ते काय डोंबल खूण काढणार?

हे झालं कसं? कच्चा असताना हिरवा काय नि जांभळा काय, दोन्ही सारखेच पांढुरके; खरं रूप भट्टीत उघडतं. म्हणून बरण्या ओळखायच्या त्या जागेवरून. तिच्या उजव्या हाताशी हिरवा, मग पिवळा, पलीकडे जांभळा. पिवळा तेवढा कच्चाही तांबूस दिसतो, आणि तो तर मधोमध होता. मग शंका यायची कशी? बरण्यांवर चिठ्ठ्या लावणं म्हणजे या घरात आपल्याच मुलांच्या गळ्यात नावाची पाटी अडकवण्यासारखं.

"वर्षअखेरच्या साफसफाईत बरण्यांची फळी कुणी पुसली?" तिनं विचारलं.

"मी नाही बाई. मी स्वयंपाकघरात होते," आई म्हणाली, आणि दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं.

बर्फात घालायचे बूट काढत तेइझो आत येत होते. पंच्याहत्तरी उलटलेली, गेल्या उन्हाळ्यात रंगकामाची बैठक लेकीला सोपवून निवृत्त झालेले. थाळीपुढे मांडी घालून बसले. बोटानं बेडकाची कड चाचपली.

मग त्यांनी फळीकडे पाहिलं आणि डावा हात नकळत पुढे केला. हात थेट हिरव्याच्या बरणीवर गेला. तेइझो डावखुरे. चाळीस वर्षं हिरवा त्यांच्या डाव्या हाताशी असायचा.

"मीच लावल्या," ते हळू म्हणाले. "पुसून परत ठेवताना लक्षातच आलं नाही. हाताला अजून वाटतंय, बैठक माझीच आहे."

चिगुसाचा राग कुठल्या कुठे गेला. बाबांचा चेहरा तिला बघवेना.

"पण चित्र बिघडलं नाही हं," तेइझो पुढे वाकले. "उलट बेडूक काय ऐटीत बसलाय. पाच पिढ्यांत आमच्या कुणाची छाती झाली नसती. याला घराण्याची खूण शोभायची नाही, पोरी. तुझं नाव लिही आणि ने."

"माझी तरी कुठे छाती होती? बरण्या तुम्ही फिरवल्यात."

"ते कानाझावात सांगत बसू नकोस म्हणजे झालं."

आई चहाचा कप तोंडाशी धरून हसली. चिगुसानं थाळी उपडी केली, ब्रश बुडवला आणि बुडावर आपलं नाव लिहिलं. अगदी मधोमध नव्हे, जरा उजवीकडे. मग ब्रश बाबांपुढे धरला.

"हे काय?"

"अर्धा बेडूक तुमचा आहे. डावीकडे जागा ठेवलीय."

तेइझो कुरकुरले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग डाव्या हातात ब्रश घेऊन घराण्याची खूण काढली.

"आई, बाबांची बसायची उशी आण बरं," चिगुसा म्हणाली. "इथे, माझ्या उजवीकडे. हिरवा आमच्या दोघांच्या मध्ये राहील."