आखाजीची अंघोळ

मी एक जुना कडुनिंब आहे, नरोलीच्या रस्त्याकडेचा. मित्रांनो, माझं वय कुणाला ओळखता येत नाही. दूर शेतातला निंब माझ्याच बरोबरीचा. पण त्याच्यापुढे मी त्याचा नातू दिसतो.

तरुणपणी माझ्या सावलीत बैलगाड्या सुटायच्या. बैल माझ्या बुंध्याला पाठ घासायचे. कोण कुणाची खाज भागवतंय, ते दोघांनाही कळत नसे. मग कारखाने आले, ट्रक आले. उभे असले तरी ते धूर सोडतात, तोही थेट माझ्या तोंडावर. पानांची छिद्रं काजळीने बुजली. ऊनच आत शिरेना, मग अन्न कसं शिजणार? रस्त्याकडच्या फांद्या खुरटल्या. मागच्या बाजूला कामगारांची चाळ आहे, तिच्याकडची तेवढी एक दणकट झाली. एकदा एक बगळा माझ्यावर झोपला. सकाळी कावळ्यांनी त्याला आपल्यात घेतलं.

या चैत्रात एका साहेबांनी गाडीची काच अर्धी उतरवून मला पाहिलं. "वाळलंय. तोडून टाका." त्यांच्या माणसाने बुंध्यावर लाल फुली मारली.

त्या चाळीत धुळ्याकडच्या सरुबाई राहतात. त्यांची लेक सोनी लग्नानंतर पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार होती. खानदेशात आखाजीला लेकीसाठी झोका बांधतातच, आणि झोक्याजोगी फांदी इथे माझीच. सरुबाईंनी पान चोळलं. बोट काळं झालं.

"पोरीची नवी साडी खराब व्हईल. सुकदेव, टँकर आन."

"माय, झाडाला कोनी अंघोळ घालतं का?" टँकरवाल्या सुकदेवने विचारलं.

"तू कधी केली, ते सांग आधी."

काळं पाणी गटारभर वाहिलं. बैलांनंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझी पाठ घासली. फुली निघेना, म्हणून सरुबाईंनी तिच्यावर गेरू फासून पांढरे ठिपके काढले.

आखाजीला सोनी झोक्यावर होती, तेवढ्यात साहेब करवतवाले घेऊन आले. त्यांनी मला वरखाली पाहिलं.

"इथं एक वाळकं झाड होतं ना?"

"इथं आमचा निंब आहे," सरुबाई म्हणाल्या.

"मग ते कुठं गेलं?"

"माहेरी गेलं आसंल. आखाजी आहे."

साहेब पुढच्या राखोली गावाच्या दिशेने शोधायला गेले.

आता पुन्हा काजळी साचतेय. साहेबही परत येतील. म्हणून मित्रांनो, उभी गाडी बंद ठेवा, आणि झाड वाळलं म्हणण्याआधी एक पान पुसून बघा. सोनी जाताना फांदीला हात लावून म्हणाली, "पुढच्या आखाजीला येते, इथंच राह्य."

मी कुठे जातोय?