माझ्या मानेवरची शिकवणी

त्या जानेवारीत एका सोमवारी मी उजव्या गालावर पाच पिवळ्या रेघा घेऊन ऑफिसला गेलो. रेघा कानापुढून निघून कपाळ, डोळा, ओठ, हनुवटी आणि मान अशा पाच दिशांना पसरल्या होत्या. पेन्सिल साबणाने सहज निघते, असं तिच्या पाकिटावर छापलं होतं. छापणाऱ्याने बहुधा स्वतःच्या गालावर करून पाहिलं नसावं.

मी नगरपालिकेत पत्तानोंदणीच्या खिडकीवर बसतो. लोक घर बदलतात, मला येऊन सांगतात, मी शिक्का मारतो. त्या दिवशी लोक माझ्या गालाकडे पाहून एकदम मवाळ झाले. ज्यांना रांगेत उभं राहावं लागलं होतं त्यांनीही तक्रार केली नाही. शेजारच्या खिडकीवरच्या पीचबाई तेवढ्या मवाळ झाल्या नाहीत.

"फोल्कमार, कार्निव्हलच्या सोंगांना अजून वेळ आहे."

"हा चेहऱ्याचा मज्जातंतू आहे," मी म्हणालो.

"असेल. पण तो आत असतो ना?"

तो बाहेर कसा आला, ते सांगतो.

माझी मुलगी रीके वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला होती. डोकं आणि मान या भागाच्या तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. आमच्याकडे तिसरी संधी ही शेवटची. तीही गेली की नाव कमी होतं, आणि मग देशातल्या कुठल्याच विद्यापीठात पुन्हा डॉक्टरकी शिकता येत नाही. माझी बहीण नाताळला आली तेव्हा तिने रीकेला मधमाश्या पाळण्याबद्दल माहितीपत्रक आणून दिलं. रीकेने ते न वाचता चुलीत घातलं, म्हणून मला वाटलं की अजून आशा आहे.

अभ्यासात ती कमी पडत होती असं नाही. मोबाइलवर तिच्याकडे हजारो चित्रं होती. न्हाणीघरातून लॅटिन नावं ऐकू यायची. पण ही परीक्षा विच्छेदनाच्या हॉलमध्ये असते. टेबलावर देहदान केलेलं माणूस, टेबलाशी चार विद्यार्थी, समोर चिमटा घेतलेले प्राध्यापक. चिमटा एका दोरीसारख्या गोष्टीवर टेकतो आणि प्राध्यापक विचारतात, हे काय. चित्रात मज्जातंतू पिवळा असतो आणि धमनी लाल. माणसात सगळंच करडं असतं. पहिल्या वेळी रीकेने शिरेला तंतू म्हटलं. दुसऱ्या वेळी ती काहीच म्हणाली नाही.

माझी बायको आनेग्रेट चर्चच्या गायनवृंदात खालच्या पट्टीत गाते. तिच्या शेजारी ओलेनडॉर्फबाई उभ्या राहतात. या बाईंनी विच्छेदनाचा हॉल आयुष्यभर सांभाळला होता. गावातले निम्मे डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. आनेग्रेटने विचारलं तशा त्या रीकेला शिकवायला येऊ लागल्या. वय ऐंशीच्या जवळ, आणि तरी वरच्या गावातून आमच्याकडे सायकलने उतरायच्या. चढ चढून परतही सायकलनेच जायच्या. मी त्याबद्दल काही बोललो नाही, कारण माझी सायकल दोन वर्षं तळघरात होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी रीकेचा मोबाइल मागून घेतला आणि पावाच्या डब्यात ठेवला.

"मानेचे स्नायू सांग."

रीकेने एका दमात सगळे सांगितले.

"छान. आता दाखव."

"कुठे?"

बाईंनी स्वयंपाकघरात नजर फिरवली. मी खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं तसं यापूर्वी कोणी बघितलं नव्हतं, अगदी लग्नाआधी आनेग्रेटनेही नाही.

"हेर डेनर्ट, तुमची मान लांब आहे. आणि चरबी बेताची. शर्ट काढता?"

"मी?"

"पप्पा घाबरलेत," बाई रीकेला म्हणाल्या. "काही नाही, कापणार नाही आहोत."

शर्ट काढल्यावर मला वाटलं, आता सुरू होईल. पण बाईंनी रीकेचा माझ्या मानेकडे जाणारा हात मध्येच धरला.

"आधी नमस्कार करायचा."

"पप्पांना?"

"तुझ्यासमोर जो कोणी असेल त्याला. नमस्कार, मी रीके डेनर्ट, आज मी तुमची मान शिकणार आहे. असं म्हण."

"पण त्यांना माहीत आहे मी कोण ते."

"त्यांना माहीत असून भागत नाही. तुला माहीत पाहिजे की समोर माणूस आहे. तिथे टेबलावर जे असतात ते जिवंतपणी सही करून स्वतःला देऊन गेलेत. चिमटा घेऊन थेट घुसायचं, ही काय रीत झाली? मीही तिथेच जाणार आहे. देहदानाचं कार्ड पर्समध्ये आहे. उद्या कोणी माझ्या मानेत ओळखपाळख नसताना शिरलं तर मला आवडणार नाही."

रीकेने नमस्कार केला. मीही केला, कारण गप्प राहणं बरं दिसलं नसतं.

नावं घ्यायला बाईंनी तिला साफ मनाई केली होती. आधी हात, मग कुठून कुठे, मग काम, आणि नाव सगळ्यात शेवटी. "नाव काय, पाटीवरही असतं," त्या म्हणायच्या. त्यांनी माझ्या हनुवटीवर तळहात ठेवला आणि मला म्हणाल्या, "डावीकडे बघा. मी अडवते, तुम्ही जोर लावा."

मी जोर लावला. मला तो रोजचाच आहे. खिडकीतून डावीकडे आमच्या शेजाऱ्याची, लामर्सची गाडी दिसते, आणि ती गाडी नेहमी आमच्या जागेत चाकभर घुसलेली असते. दिवसातून बऱ्याच वेळा मी तिच्याकडे बघतो.

"आता उजव्या बाजूला हात लाव," बाई रीकेला म्हणाल्या.

"डावीकडे बघतायत ना? मग डाव्या—"

"हात लाव."

रीकेने हात लावला. कानामागच्या हाडापासून गळ्याच्या खळीपर्यंत माझ्या मानेच्या उजव्या बाजूला दोरखंड ताणल्यासारखा झाला होता. मलाही ते पहिल्यांदाच कळलं. चोपन्न वर्षं मी लामर्सच्या गाडीकडे, किंवा तिच्यासारख्या गोष्टींकडे, मानेच्या उलट्या बाजूने बघत आलो होतो.

"उजवा तोंड डावीकडे फिरवतो," रीके हळूच म्हणाली. दोन्ही परीक्षांना तिने हे वाक्य पाठ करून नेलं होतं. पण आता ते तिच्या बोटाखाली होतं.

मी टेबलावर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं. विद्यापीठात टाळ्यांऐवजी असंच करतात.

"ठोठावू नका," बाई म्हणाल्या. "मान हलते."

स्वतः त्या कधीच ठोठावत नसत. रीकेने कितीही बरोबर सांगितलं तरी "पुढे" एवढंच म्हणायच्या. पण शिकवताना त्यांचे हात बघावेत. बोटं म्हातारपणाने वाकडी झालेली, पण माझ्या कातडीवरून अशी जायची की तिच्याखाली काय आहे ते मलाही दिसू लागायचं. चेहऱ्याचा तंतू शिकवला तेव्हा त्यांनी स्वतःचा पंजा माझ्या कानाजवळ ठेवून बोटं गालभर पसरली. "हा बघ, पाच फाटे. लाळेच्या ग्रंथीतून जातो, पण तिचं एकही काम करत नाही. हेर डेनर्टच्या ऑफिसातून अर्ज जातो तसा." मग पिवळी पेन्सिल आली. त्याचा पुढचा भाग मी सांगितलाच आहे.

एकदा रीके रडली. परीक्षा आठवड्यावर आली होती, आणि गळ्यातल्या तीन गोष्टींचा क्रम तिला लागेना. बाईंनी केक खाणं थांबवलं नाही. "रड," त्या म्हणाल्या. "पण हात काढू नकोस. बोटाखाली काय ठोकतंय?"

"धमनी."

"रडतानासुद्धा कळली ना? मग झालं तर."

परीक्षेच्या दिवशी दुपारी मी घरीच होतो. ऑफिसात मान दुखते असं सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. ओलेनडॉर्फबाई माझ्या समोर बसून आलुबुखाऱ्याचा केक खात होत्या. मी लामर्सच्या गाडीकडे बघत होतो आणि बाई माझ्या मानेकडे.

रीके आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. कोट न काढताच खाली बसली.

"फजिती झाली," ती म्हणाली.

आनेग्रेटने हातातली बशी ठेवली.

"प्राध्यापक क्रेस होते. मी टेबलाशी गेले. एक आजी होत्या. मी हात पुढे केला, आणि सवयीने नमस्कार म्हटलं. मोठ्याने. नमस्कार, मी रीके डेनर्ट, आज मी तुमची मान शिकणार आहे. बाकीचे तिघे बघायलाच लागले."

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग मानेचा उजवा स्नायू नीट दिसेना, तर मी म्हटलं, 'पप्पा, हनुवटी जरा वर करा.'"



"आजींनी मनावर घेतलं नसेल," बाई म्हणाल्या. "पुढे."

"क्रेसनी चिमटा उचलला. मग त्यांनी विचारलं, ह्या बाजूचा, मेंदूकडून येणारा अकरावा तंतू कापला गेला तर या माणसाला काय करता येणार नाही? मी हात ठेवला आणि म्हणाले, खिडकीतून शेजाऱ्याची गाडी नीट बघता येणार नाही, कारण ती डावीकडे असते. आणि ऑफिसच्या खिडकीशी कोणी काही विचारायला आलं तर उजवा खांदा उडवता येणार नाही."

"हे तू परीक्षेत सांगितलंस?" मी म्हणालो.

"तोंडातून गेलं. मग स्नायूंची नावं सांगितली. मग त्यांनी आणखी खूप विचारलं, चिमटा सगळीकडे टेकवला. सगळं होतं तिथेच होतं. पप्पांच्यात असतं तसंच. शेवटी ते म्हणाले, तुम्ही ओलेनडॉर्फबाईंकडे जाता वाटतं. मी म्हटलं, त्याच आमच्याकडे येतात. तर म्हणाले, मलाही त्या नमस्कार करायला लावायच्या, मी कधी सोडून दिलं ते आठवत नाही. आणि मग त्यांनी आजींकडे बघून मान झुकवली, आणि टेबलावर ठकठक केलं."

"म्हणजे पास?" आनेग्रेटने विचारलं.

"पास."

आनेग्रेट रडायला लागली. मी खांदे उडवले, दोन्ही उडाले. ओलेनडॉर्फबाईंनी काटा बाजूला ठेवला, रुमालाने तोंड पुसलं, आणि त्या वाकड्या बोटांनी आमच्या टेबलावर दोनदा ठोठावलं. रीकेचे डोळे तेव्हा भरले.

"क्रेस तसा बरा मुलगा होता," बाई म्हणाल्या. "हात थंड असायचे."

मग उठल्या, कोट चढवला आणि दारात थांबून माझ्याकडे वळल्या. ती नजर मला आता ओळखीची होती.

"हेर डेनर्ट, दोन मुलं आहेत. हाताच्या परीक्षेत अडकलीत. चांगली आहेत, पण अजून सगळं मोबाइलमध्ये आहे. शुक्रवारी मोकळे आहात ना?"

मी आनेग्रेटकडे बघितलं, त्यासाठी मानेचा कुठला स्नायू लागतो हे आता मला माहीत आहे. तिने पावाचा डबा रिकामा करायला घेतला होता.

"हात म्हणजे कुठपर्यंत?" मी विचारलं.

"खांद्यापासून," बाई म्हणाल्या. "आणि नमस्कार केला की तुम्ही उत्तर देता ना, ते तसंच चालू ठेवा. मुलांना सवय राहते."

शुक्रवारी मी बिनबाह्यांचा बनियन घालून खिडकीजवळ बसलो. लामर्सची गाडी होती तिथेच होती. दारावरची घंटा वाजली, दोन मुलगे आत आले, आणि त्यांच्यातला उंच मुलगा माझ्या दंडाकडे बघून लाजत म्हणाला, "नमस्कार."