फेट्यातली सेफ्टी पिन

सकाळचे साडेसहा वाजले होते. त्याच वेळी मी आईच्या बांगडीवरून उतरले आणि ठमीच्या भगव्या फेट्यात शिरले. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. मी एक सेफ्टी पिन बोलतेय. आवाज बारीक आहे, जरा जवळ या.

माझा जन्म तारेच्या तुकड्यातून झाला. यंत्राने मला वाकवलं, टोक काढलं, टोपण बसवलं. आईने मला विकत आणलं तेव्हा ठमी तान्ही होती. मी तिचा लंगोट धरायचे. लावताना आई आपली दोन बोटं मध्ये घालायची, टोचलं तर आपल्याला टोचावं म्हणून. आईला मी कितीदा टोचले, पण ठमीला एकदाही नाही. म्हणून मी लाडकी. पुढे लंगोट सुटला, तरी आईने मला बांगडीत अडकवून ठेवलं.

पण ठमी आता दुसरीत गेली. माझी तार सैल पडली, टोक टोपणात नीट बसेना. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी?

त्या दिवशी शाळेत युवा दिन होता, स्वामीजींची जयंती. ठमीला स्वामीजी केलं होतं. "वर्गात हिच्याइतकं गप्प कुणी उभं राहत नाही," असं बाई म्हणाल्या होत्या. शेवटी तिने एकच वाक्य म्हणायचं होतं, "कुणालाही भिऊ नका." घरभर तेच चाललं होतं. पाल दिसली की आजी म्हणायची, "स्वामीजी, या, तुमचं काम आहे."

आईने फेट्याचं टोक माझ्यात अडकवलं तेव्हा आजी म्हणाली, "अगं, दोन टाके घाल. ती जुनी पिन कशाला?"

"टाक्यांना वेळ कुठाय, आई? बस चुकेल. आणि ही कधी टोचलीय का हिला?"

मग ती ठमीची हनुवटी धरून म्हणाली, "हाताची घडी सोडायची नाही. काही झालं तरी हलायचं नाही. सगळ्यांसमोर हसं होतं, कळलं?"

ठमीने मान हलवली. तेवढ्यानेच मी अर्धी उघडले.

मंचावर ठमी स्टुलावर उभी राहिली. पाहुण्यांचं भाषण लांबलं. तरुणांनी निर्भय व्हावं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी टोक धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. धरायला मला हात कुठे आहेत? सुटलंच. ठमीच्या कानामागे रुतलं.

ती हलली नाही. मला वाटलं आता ओरडेल, आता हात नेईल. कुठलं काय. घडी तशीच, नजर समोर. गालावर पाणी आलं, तर पाहुणे म्हणाले, "बघा, पोर कशी तल्लीन झालीय." टाळ्या पडल्या.

आईही शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवत होती. एकाएकी तिचे हात थांबले. ठमीच्या पायाची बोटं आत वळली होती. तान्ही असताना कुठे दुखलं की तिची बोटं अशीच वळायची.

आमची आई पालकसभेत मागे बसते, नाव पुकारलं तरी हळूच उठते. ती लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत थेट मंचावर आली.

"ताई, दोन मिनिटं थांबा ना," बाई कुजबुजल्या.

"नाही थांबायचं मला."

तिने फेटा उतरवला. माझ्या टोकाला रक्त होतं. आईचा चेहरा बघवेना.

"अगं, सांगायचं नाही का?"

"तूच म्हणालीस ना, हलायचं नाही. आणि माझं वाक्य राहिलं होतं."

आईने पदराने कान दाबून धरला, मग म्हणाली, "म्हण. अशीच म्हण."

ठमीने हाताची घडी सोडली, नाक पुसलं आणि विस्कटल्या केसांनी ते वाक्य म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षाही बारीक होता, पण मागपर्यंत गेला.

आईने मला फेकलं नाही. पक्कडीने घट्ट मिटवून शिवणाच्या डब्यात ठेवलंय. फेट्याला आता टाके आहेत. डबा उघडला की आई माझ्याकडे बघते आणि झाकण हळू लावते.

माझं एवढं काम करा. तुमच्या ओळखीत कुणाचं मूल असं सजून उभं राहणार असेल, तर त्याच्या आईला सांगा, दोन टाके घाल. आणि मुलाला सांगा, टोचलं तर हलायचं.