कबरीचं वाक्य

मुंजाबाची आन घेऊन सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय. खोटा निघाला तर माझी जीभ झडंल.

बायडाबाईनं आकडीनं बाभळीची फांदी खाली वढली आन् हाक मारली, "चांद्री!" चांद्री आली. बायडाबाईच्या लेकीनं, स्वप्नानं, पुस्तकातून डोकं वर केलं.

"चांद्री इज ओल्ड."

"म्हणजी काय?"

"म्हातारी हाय."

"हळू म्हण. तिला ऐकू येतंय."

नेकनूरच्या माळावर मायलेकीचं आषाढापासून आसंच चाललं होतं. शेळ्या बावीस. एक शेळी, एक वाक्य. भुंडीला शिंगं न्हाईत, मोरनी खातीय, लंगडी मागं राहिली, सगळं इंग्रजीत. बायडाबाईला कळत एवढंच होतं, का ह्या भाषेत दर शेळीमागं एक 'इज' हाकावं लागतंय, न्हाईतर शेळी जागची हालत न्हाई. कबरीवर पोरीचा लई जीव, म्हणून तिचं वाक्य सगळ्यात लांब.

ह्या खटाटोपाचं कारण आसं, का गावाजवळच्या इंग्रजी शाळेत धाकल्या लेकरांच्या वर्गाला बाई पायजे होती. बारावी झालेली, इंग्रजीत धड बोलणारी. जमलं तर जमलं. न्हाईतर दिवाळी झाली का बाप नाथा तिला ऊसतोडीला नेणार होता. तिच्या हाताचा कोयता आणून दारामागं ठिवला बी होता त्यानं.

बोलावणं आलं. खुर्चीत स्वप्ना, समोर मोठ्या बाई मंजुषा मॅडम, आन् दाराबाहेर चपला काढून बसलेली बायडाबाई. नाव इचारलं, गाव इचारलं, पोरगी पाण्यावाणी बोलली. मग मॅडमनं इचारलं, घरी काय आसतं? शेळ्या, म्हणली.

"हाऊ मेनी?"

पोरीनं दाराकडं, मायकडं बघितलं.

आता ह्या घरात शेळ्यांचा आकडा तोंडातून काढत न्हाईत. एकदा चुलत्यानं सिरसाळ्याच्या बाजारात काढला, तर आठ दिवसांत तीन करडं गेली. सरकारी माणूस जनावरं मोजाया आलता, त्याला बायडाबाईनं च्या पाजला आन् "हायती चार-दोन" म्हणून वाटंला लावला. सांजच्याला शेळ्या वाडग्यात कोंडताना सुदिक मोजायचं न्हाई. एकेकीचं नाव घ्यायचं. कोण आली न्हाई ते आपसूक कळतंय.

मॅडमला हे काय ठावं. त्यांनी तेच परत हळू इचारलं, लेकराला इचारावं तसं. मग पेन उचलून कागदावर कायतरी लिवाया लागल्या. बायडाबाईला इंग्रजी कळत नव्हतं, पण पेन कळत होता.

स्वप्नानं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"चांद्री इज ओल्ड," ती म्हणली. "भुंडी हॅज नो हॉर्न्स. मोरनी ईट्स माय बुक्स."

पेन थांबला. लंगडी आली, बांडी आली, तिच्या मागं तिची दोन पिल्लं. बाहेर बायडाबाईनं डोळे मिटले. सांजच्याला वाडग्यात शिरत्यात तशा एकेक शेळ्या त्या खोलीत शिरत होत्या. शेवटाला सोनकी शिरली आन् पोरगी थांबली.

बायडाबाई ताडकन उठली. कबरी आली न्हाई. सवयीनं ती फाटकाकडं दोन पावलं गेली बी. मग थांबली, मागं वळली. खोलीत लेक खाली मान घालून नखं बघत होती.

मॅडम बोटांची पेरं धरून बसल्या होत्या. "म्हणजे एकवीस," त्या म्हणल्या.

स्वप्ना नुसती हसली. हो म्हणली न्हाई, न्हाई बी म्हणली न्हाई.

"सोमवारी आठला या," मॅडम म्हणल्या. "लेकरांची नावं मात्र अशीच पाठ करावी लागतील."

सोमवारी सांजच्याला दारामागचा कोयता दिसंना. नाथानं कुणाला दिला ते कुणी इचारलं न्हाई. बायडाबाईनं लेकीम्होरं पाण्याचा तांब्या ठिवला आन् इचारलं, वर्गात लेकरं किती हायती गं?

स्वप्नानं घटाघटा पाणी पिलं, तोंड पुसलं.

"हायती चार-दोन, माय."

आता मुंजाबाची आन घेतलीय म्हणून सांगते. बाकी सगळं खरं हाय. ते बावीस न् एकवीस तेवढं माझ्या पदरचं. खरा आकडा मला ठावं न्हाई, आसं न्हाई.